मुख्याध्यापकांचा ताण आणि निर्णयाचा अधिकार : पुण्यातल्या शाळांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. निवृत्तीनंतर आम्ही काही आजी-माजी मुख्याध्यापक महिन्यातून एकदा चहाला एकत्र बसतो. कोणी महापालिकेच्या शाळेतले, कोणी पेठेतल्या जुन्या संस्थेतले, कोणी बाणेर-हिंजवडीकडच्या इंग्रजी शाळेतले. शाळा वेगवेगळ्या असल्या तरी प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. संस्थाचालकांनी आणि शिक्षकांनीही ती वाचावीत असं मनापासून वाटतं.

काम तर सगळ्यांनाच असतं. मुख्याध्यापकांच्या ताणात वेगळं काय?

एक प्रसंग सांगते. जून महिना, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि पाण्याची मोटर जळाली. पटावर नऊशे मुलं. मिस्त्रीने वाइंडिंगचे ३,८०० रुपये सांगितले आणि संध्याकाळपर्यंत बसवून देतो म्हणाला. पैसे शाळेच्या खात्यात होते. पण एक हजाराच्या वरच्या खर्चाला संस्थेची लेखी मंजुरी लागायची, मंजुरीसाठी तीन कोटेशन लागायची, आणि कार्यवाह नेमके बाहेरगावी. मोटर पाचव्या दिवशी बसली. तोवर मुलींच्या स्वच्छतागृहासाठी आमचे शिपाईमामा आणि मावशी समोरच्या सोसायटीतून बादल्या भरून आणत होते. पालकांचे फोन मला, शिक्षण विभागाची विचारणा मला. तिसऱ्या दिवशी एक आजी नातीला घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या बाई ना तुम्ही? मग एक मोटर बसवून घेता येत नाही?" त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

त्या आठवड्यात मी जास्त काम केलं नव्हतं. उलट हातावर हात ठेवून बसले होते, आणि तरी रात्री झोप लागत नव्हती. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने १९७९ साली स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांच्या पाहण्यांवरून एक सूत्र मांडलं. कामाचा रेटा जास्त आणि ते काम कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, अशी जोडी जिथे जमते तिथे माणूस सर्वांत जास्त पिचतो. रेटा तेवढाच, पण ठरवायची मुभा असेल, तर माणूस दमतो, पण त्यातून शिकतो आणि उभारीही धरतो. पुढे १९८८ मध्ये या सूत्रात तिसरी गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे सोबत्यांचा आधार. रेटा भरपूर, मुभा थोडी आणि बोलायला कोणी नाही, ही सगळ्यांत वाईट अवस्था. मुख्याध्यापकाची खोली बहुतेक शाळांत अशीच असते.

म्हणजे मुख्याध्यापकाला हवं तसं वागू द्यायचं का? स्वायत्तता आणि मनमानी यात फरक काय?

गुणपत्रिकेतले गुण बदलणं, हिशेब न दाखवणं, मर्जीतल्या शिक्षकाला सोयीचे तास देणं, याला मनमानी म्हणतात आणि तिला नियमांचा लगाम हवाच. मी बोलते आहे ती मुभा साधी आहे. आठवीचं गणित कोणाला द्यायचं, सहामाहीनंतर वेळापत्रक फिरवायचं का, स्नेहसंमेलन एक दिवसाचं ठेवून उरलेला दिवस प्रयोगशाळेला द्यायचा का, फुटलेली काच आजच बसवायची का. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत : आपल्या करण्यात आपली संमती असणं, आपल्याला काम जमतंय असं वाटणं आणि आपण कोणाचे तरी आहोत असं वाटणं. यात एकट्याने कारभार हाकणं कुठेच बसत नाही. दुसऱ्याने सांगितलेली गोष्टही पटली असेल तर माणूस ती आपली म्हणून करतो. न पटलेल्या गोष्टीवर रोज सही करावी लागते, तेव्हा आतून झिजतो.

याचा तब्येतीशी खरंच संबंध आहे का?

आहे. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' नावाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्याचा दुसरा टप्पा १९८५ मध्ये दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना घेऊन सुरू झाला आणि मायकेल मार्मट यांनी त्याचं नेतृत्व केलं. वरच्या साहेबांना ताण जास्त म्हणून हृदयविकारही त्यांनाच जास्त, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात खालच्या पायऱ्यांवरच्या माणसांत तो जास्त आढळला. त्यामागच्या कारणांमध्ये कामावर स्वतःचं नियंत्रण कमी असणं हे एक महत्त्वाचं कारण निघालं.

मुख्याध्यापकाची गंमत नाही, पण अडचण अशी की तो वरचा साहेबही असतो आणि खालची पायरीही. शाळेच्या फाटकाच्या आत तो सर्वांत वरचा, फाटकाबाहेर पडला की प्रत्येक टेबलापुढे उभा राहणारा.

पुण्यात या बाबतीत काही वेगळं आहे का?

दोन-तीन गोष्टी नक्की आहेत. पहिली म्हणजे, राज्याचं शिक्षण खातं इथेच बसतं. शिक्षण आयुक्तालय पुण्यात, राज्य मंडळाचं मुख्य कार्यालय शिवाजीनगरला, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर. चंद्रपूरच्या मुख्याध्यापकाला ज्या बैठकीचं इतिवृत्त मिळतं, त्या बैठकीला पुण्याच्या मुख्याध्यापकाला 'जवळच आहात, येऊन जा' म्हणून बोलावणं येतं. अर्धा दिवस जातो.

दुसरी गोष्ट जागेची. मध्यवस्तीतल्या कितीतरी शाळा एकाच इमारतीत दोन अधिवेशनं चालवतात, सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासननिर्णय आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत. लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू चांगलाच आहे, मला तो पटतो. पण इमारत एक, वर्गखोल्या तेवढ्याच, रिक्षावाल्या काकांच्या फेऱ्या ठरलेल्या आणि लक्ष्मी रस्त्यावर अकरा वाजताची कोंडी. हे सगळं जुळवायचं मुख्याध्यापकाने, आणि हो किंवा नाही म्हणायची संधी मात्र त्याला नव्हती.

तिसरी गोष्ट इतिहासाची आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. १ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर पुढच्या वर्षी आले, आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. त्या संस्थेची घडण अशी होती की वर्गात शिकवणारे आजीव सदस्यच संस्थेचा कारभार ठरवायचे. त्यांच्यात मतभेद झाले, कडाक्याचे झाले, टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. पण वाद घालणारे सगळे फळ्यापुढे उभे राहणारे होते. खडू हातात असणारा माणूस ठरावावर सही करत होता. आज पुण्यातल्या किती शाळा समित्यांमध्ये मुख्याध्यापकाच्या मताला तेवढं वजन आहे, हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारते.

अनुदानित शाळेत मुख्याध्यापकाच्या हातात नेमकं असतं तरी काय?

कागदावर बरंच असतं. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. शाळेच्या दैनंदिन कारभाराला मुख्याध्यापकच जबाबदार. आता दुसरी बाजू पाहा. शिक्षक मिळणार 'पवित्र' या शासनाच्या शिक्षकभरती पोर्टलमधून, त्याच्या मान्यतेची फाइल शिक्षणाधिकारी कार्यालयात, पगार शालार्थ प्रणालीतून वेतन पथकामार्फत. किती शिक्षकांची पदं मंजूर, हे संचमान्यता ठरवते, आणि संचमान्यता ठरते पटावर आणि आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर. एखाद्या मुलाच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग चुकलं तरी घाम मुख्याध्यापकालाच फुटतो, कारण त्या एका मुलावर एखादं पद अवलंबून असू शकतं.

शिपायांचंच बघा. डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयानंतर चतुर्थश्रेणीची रिकामी होणारी पदं नियमित वेतनावर भरणं थांबलं आणि शिपाईभत्त्याची, म्हणजे कायम शिपायाऐवजी ठरावीक भत्ता देण्याची, पद्धत आली. जुने मामा निवृत्त झाले की फाटक कोण उघडणार, घंटा कोण देणार, हे मुख्याध्यापकाने बघायचं. मी अशा एका शाळेत गेले होते जिथे हेडसर स्वतः साडेसहाला येऊन कुलूप काढायचे. कर्तव्य म्हणून ते करत होते, तक्रारही नव्हती, पण साडेसहाला कुलूप काढणाऱ्या माणसाकडून साडेअकराला अध्यापनाचं मार्गदर्शन कसं होणार?

आमच्या बैठकीत आम्ही एक साधी गोष्ट करतो. एक कोरा कागद घ्यायचा आणि गेल्या आठवड्यात घेतलेले निर्णय आठवून लिहायचे. प्रत्येकापुढे लिहायचं : मी ठरवलं, मला विचारून ठरलं, की मला कळवलं गेलं. पहिल्यांदा कागद भरणारे बहुतेक जण तिसऱ्या प्रकाराची गर्दी बघून गप्प होतात. पण त्याच कागदावर 'मी ठरवलं' या खाली चार-पाच गोष्टी असतात, ज्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं. परिपाठ किती वेळाचा, शिक्षक-सभा कशावर, बदली तास कोणाला, ग्रंथालय मधल्या सुट्टीत उघडं ठेवायचं का. या चार-पाच गोष्टींत मन घातलं की शाळा आपली वाटायला लागते. बाकीच्यांसाठी भांडायचं बळ तिथूनच येतं.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत तर मुख्याध्यापकच नसतो. तिथे काय?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी दीडशेहून जास्त मुलं आणि सहावी ते आठवीसाठी शंभरहून जास्त मुलं असतील तर मुख्याध्यापकाचं पद धरलेलं आहे. मुळशी, भोर, राजगड तालुक्यांतल्या डोंगरातल्या शाळांत वीस-पंचवीस मुलं असतात. तिथे दोन शिक्षकांपैकी एक जण प्रभारी. तो एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता शिकवतो, पोषण आहाराची चव घेऊन नोंद करतो, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त लिहितो आणि रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन पोर्टल भरतो. ताणाची मोजदाद करायची तर सुरुवात या माणसापासून व्हायला हवी.

खासगी इंग्रजी शाळेत सरकारी कटकट नाही. तिथले प्राचार्य तरी मोकळे असतात ना?

पगारपत्रक आणि पोर्टलचा त्रास काहीसा कमी असतो, हे खरं. पण तिथे दुसरा दोर असतो. प्रवेशाचा आकडा. वर्गाचा प्रत्येक तास मुख्य कार्यालयाने आखून पाठवलेला, एकाच साखळीच्या सगळ्या शाखांत एकच पान त्याच दिवशी. आमच्यातल्या एक मॅडम सांगतात, शाळेच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा इथपासून पालकांना काय उत्तर पाठवायचं त्याच्या मजकुरापर्यंत सगळं तयार येतं. नोकरी करारावर, दरवर्षी नूतनीकरण. अनुदानित शाळेतल्या मुख्याध्यापकाला निदान नोकरीची शाश्वती असते, त्यांना तीही नाही.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या 'तत्काळ' माहितीचं काय करावं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एका गुरुवारी तिसऱ्या तासाला मी एका नव्या शिक्षिकेचा आठवीचा बीजगणिताचा तास बघायला जाणार होते. तिनेच आग्रहाने बोलावलं होतं. खोलीतून निघताना फोन वाजला. सोबतच्या नमुन्यात माहिती आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी, विलंब झाल्यास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार राहतील. माहिती तीच, जी आम्ही जुलैत पोर्टलवर भरली होती, फक्त रकाने उलटसुलट केलेले. लिपिक रजेवर. मी बसले आणि भरली. दीड वाजता ती शिक्षिका आली आणि एवढंच म्हणाली, "बाई, मी पाच मिनिटं तास सुरू केला नव्हता, तुम्ही येताय म्हणून." तिच्या हातात कागद कापून केलेले चौकोन होते, विस्तार सूत्र दाखवायला. ते चौकोन आजही डोळ्यांपुढून जात नाहीत.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. शाळेची सगळी मूळ माहिती एका फाइलमध्ये एकत्र केली : वर्गनिहाय पट, प्रवर्ग, आधारची स्थिती, खोल्या, स्वच्छतागृहं, संगणक, शिक्षकांच्या जन्मतारखा आणि रुजू दिनांक. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती अद्ययावत करायची. नव्वद टक्के नमुने त्यातूनच भरले जायचे. दुसरं, दुसरा आणि तिसरा तास माझा फोन लिपिकाच्या टेबलावर. मी वर्गावर आहे, एवढंच त्याने सांगायचं. तिसरं, मुदत अशक्य असेल तर लगेच आणि नम्रपणे कळवायचं : 'माहिती संकलन सुरू आहे, उद्या बारापर्यंत सादर करते.' एकदाही कोणी रागावलं नाही. ज्यांनी ती माहिती मागितली होती त्यांच्यावरही तसाच फोन आलेला असतो, हे मला तेव्हा कळलं.

शिक्षणबाह्य कामांना नाही म्हणता येतं का?

कायदा आपल्या बाजूने आहे, तो माहीत असावा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. निवडणुकीच्या कामाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या निकालात सांगितलं आहे की ते शक्यतो सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं.

प्रत्यक्षात थेट नकार एकट्याने देणं जड जातं. आदेश तोंडी असेल तर लेखी मागा. मिळाला की उत्तरात कोणत्या वर्गाचे किती तास बुडतील ते आकड्यात लिहा आणि पर्याय सुचवा. तीन-चार शाळांनी एकाच आठवड्यात असं लेखी कळवलं तर परिणाम होतो, हे मी पाहिलेलं आहे.

पालकांचा दबाव आणि सुरक्षिततेची जबाबदारी यांचा ताण कसा हाताळायचा?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत मुभा मागायचीच नाही. पोक्सो कायदा २०१२ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाविरुद्धची तक्रार संस्थाप्रमुखाने दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. 'आधी संस्थेला विचारते' असं म्हणत थांबायचं नाही. हा निर्णय कायद्याने तुमचा आहे, आणि शाळेचं नाव खराब होईल म्हणून कोणी थांबवत असेल तर त्याचं ऐकायचं नाही.

बाकीचा दबाव म्हणजे तुकडी बदलून द्या, बाक पुढचा द्या, अमक्या शिक्षकाला बदला. यासाठी भेटीचे वार आणि वेळ ठरवा आणि फाटकावर लावा. रागाने आलेल्या पालकाला आधी पाणी द्या, पूर्ण बोलू द्या, आणि शिक्षकाचं ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नका. शिक्षकाला पालकांसमोर बोलणारा मुख्याध्यापक त्या दिवशी पालकाला जिंकतो आणि सगळी शिक्षक-खोली हरतो.

शिक्षकांना मोकळीक दिली तर आमचाच ताण वाढणार नाही का?

मलाही तसंच वाटायचं. माझ्यावर वरून जेवढा दाब येई तेवढाच मी खाली ढकलत होते, हे कबूल करते. रोज टाचणवही, म्हणजे शिक्षकांनी पाठाची पूर्वतयारी लिहिलेली वही, तपासायचे, लाल पेनाने. एकदा एका ज्येष्ठ सरांनी अदबीने विचारलं, "बाई, मी वीस वर्षं हाच धडा शिकवतोय. टाचण तुमच्यासाठी लिहितो की मुलांसाठी?" मला राग आला होता. पण दिवाळीनंतर मी टाचण आठवड्याचं केलं आणि दहा वर्षांपेक्षा जास्त अनुभव असलेल्यांना ते कसं लिहायचं याची मुभा दिली. माझा रोजचा तास-दीड तास वाचला. दोन जणांनी गैरफायदा घेतला, त्यांच्याशी वेगळं बोलले. बाकीच्या पंचवीस जणांसाठी नियम त्या दोघांना धरून करायचं कारण नव्हतं.

शासनाने शाळांना जास्त स्वायत्तता दिली तर ताण कमी होईलच का?

आपोआप होणार नाही. न्यूझीलंडने १९८९ मध्ये मोठा बदल केला. शाळांवर देखरेख करणारी प्रादेशिक मंडळं बरखास्त झाली आणि प्रत्येक शाळेला पालकांचं स्वतःचं विश्वस्त मंडळ मिळालं. नेमणुका, अंदाजपत्रक, इमारत, सगळं शाळेकडे. अधिकार आले आणि त्यांच्याबरोबर हिशेब, करार, अहवाल यांचे ढीगही आले. मुख्याध्यापकांचं प्रशासकीय काम खूप वाढलं. ऑस्ट्रेलियात फिलिप रायली यांनी २०११ पासून मुख्याध्यापकांच्या आरोग्याची दरवर्षीची पाहणी सुरू केली. तिथल्या शाळाप्रमुखांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त अधिकार आहेत, तरी वर्षानुवर्षं ताणाची पहिली दोन कारणं तीच निघतात : कामाचा निव्वळ ढीग आणि अध्यापनाकडे लक्ष द्यायला न उरणारा वेळ.

म्हणून मला वाटतं, अधिकार मागताना कोणता अधिकार हे नेमकं सांगायला हवं. शिकवण्याच्या जवळचे निर्णय मुख्याध्यापकाकडे यावेत : वेळापत्रक, तासांचं वाटप, छोटी दुरुस्ती, कोणत्या मुलांना जादा मदत द्यायची. बांधकामाचे ठेके, कोर्टाची प्रकरणं, पगाराचे फरक, ही कामं त्यातल्या जाणकारांनी करावीत. आणि प्रत्येक नव्या अधिकाराबरोबर एक माणूस किंवा मोकळा तास यावा. नुसता अधिकार आला, मदतनीस नाही, तर ती आणखी एक फाइल झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळांचे समूह करून साधनं वाटून घेण्याची कल्पना आहे. चार शाळांना मिळून एक चांगला लेखनिक मिळाला तरी पुष्कळ फरक पडेल.

नुकताच पदभार घेतला आहे. सुरुवात कशी करू?

आपल्याकडे सेवाज्येष्ठतेने पद येतं. काल तुम्ही भूगोल शिकवत होतात, आज वेतनेतर अनुदानाच्या हिशेबावर सही करता आहात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे, पण त्याची वाट बघू नका. पदभार घेताना यादी करून घ्या : जनरल रजिस्टर, कॅशबुक, सेवापुस्तिका, जडवस्तू संग्रह (बाक, कपाटं अशा सामानाची नोंदवही), कोर्टात असलेली प्रकरणं. न बघता सही करू नका. जवळच्या शाळेतला एक अनुभवी मुख्याध्यापक गाठा, ज्याला रात्री नऊला फोन करता येईल. आणि आठवड्याला दोन तास तरी स्वतः वर्गावर शिकवत राहा. मी शेवटच्या वर्षापर्यंत नववीला मराठी शिकवलं. सगळ्या दिवसात तेवढीच पस्तीस मिनिटं कोणी मंजुरी मागत नसे.

मुख्याध्यापिकांचे प्रश्न वेगळे असतात का?

घरी पोचल्यावर दुसरी पाळी असते, हे एक. दुसरं असं की आपला ठाम निर्णय 'हट्टीपणा' ठरतो आणि सल्लामसलत केली तर 'बाईंना ठरवता येत नाही' म्हणतात. यावर माझ्याकडे औषध नाही. निर्णय इतिवृत्तात लिहून ठेवायची सवय मात्र फार उपयोगी पडली.

आम्ही संस्थाचालक आहोत. आम्ही काय करू शकतो?

पैसा फारसा लागत नाही. किरकोळ खर्चाची मर्यादा वाढवून द्या आणि हिशेब महिन्याच्या शेवटी घ्या. खर्चाआधी परवानगी मागायला लावणं आणि खर्चानंतर हिशेब मागणं यात मुख्याध्यापकाच्या झोपेचा फरक आहे. शिक्षकांच्या तक्रारी थेट ऐकून परस्पर आदेश देऊ नका. शाळा समितीच्या बैठकीचे विषय मुख्याध्यापकाला विचारून ठरवा. त्यांना वर्षातून सलग दहा दिवस रजा घ्यायला लावा, आणि त्या दहा दिवसांत फोन करू नका.

ताण आता आजाराकडे चाललाय, हे कसं ओळखायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद कामातून उद्भवणारी अवस्था अशी केली आहे. तिची तीन लक्षणं : पार गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटत राहणं. आमच्यातले एक सर शाळेच्या वाहनतळात स्कूटर लावून किल्ली हातात धरून दहा-दहा मिनिटं तसेच बसून राहायचे. त्यांना वाटायचं, दमलोय. त्यांच्या शिपायाच्या लक्षात आलं आणि त्याने आमच्यातल्या एकाला सांगितलं, म्हणून ते डॉक्टरांपर्यंत पोचले.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, रक्तदाब आणि साखर तपासा. मनाबद्दल बोलायचं असेल तर टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. शाळा चार दिवस पर्यवेक्षक सांभाळतील.

ज्येष्ठता माझी आहे, पण मुख्याध्यापकपद नकोसं वाटतं. लेखी नकार द्यावा का?

अलीकडे हा प्रश्न फार येतो. चांगले शिकवणारे लोक हक्क सोडून देतात, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण नकाराच्या कागदावर सही करण्याआधी संस्थेकडे एकदा जा आणि तुमच्या अटी सांगा. गेल्या वर्षी आमच्या बैठकीतल्या एका शिक्षिकेने तसं केलं. तिने तीन गोष्टी लिहून नेल्या : पाच हजारांपर्यंतचा खर्च माझ्या सहीने, वेळापत्रकात संस्थेचा हस्तक्षेप नाही, आणि पूर्णवेळ लिपिक. पहिल्या दोन मान्य झाल्या. लिपिक अजून अर्धवेळच आहे. ती जूनपासून त्या खुर्चीत बसते, आणि दर महिन्याला चहाला येते तेव्हा तिच्या पिशवीत नववीच्या वह्या असतात.